पाचवीची रात्र

बाळ जन्मलं की पाचव्या रात्री आपल्याकडे सटवाईची पूजा मांडतात. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, दिवा, आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, असं मानणारी घरं पेणमध्ये आहेत, रोह्यात आहेत, दोन्ही तालुक्यांच्या डोंगराकडेच्या वाड्यांवरही आहेत. बायका रात्र जागवतात, दिवा विझू देत नाहीत. ही जागरणाची चाल मला कधीच वेडगळ वाटली नाही. ज्या बायाबापड्यांनी ती पाडली त्यांना जंतू ठाऊक नव्हते. पण पहिल्या आठवड्यात धडधाकट दिसणारं बाळ बघता बघता हातचं जातं, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं होतं. म्हणून त्या जागत राहिल्या. काय बघायचं ते मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सेप्सिस या आजारावरचं हे छोटं पुस्तक ते सांगण्यासाठी लिहिलं आहे. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आशाताई, उपकेंद्रांतल्या नर्सबाई आणि घरातली जाणती माणसं हे त्याचे वाचक. प्रस्तावना थोडी लांबली आहे, कारण या आजारावरच्या संशोधनाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढच्या पानांतल्या साध्या सूचनांचं मोल कळणार नाही. त्या गोष्टीतली काही मोलाची पानं महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत, एक तर आपल्याच रायगड जिल्ह्यात.

सेप्सिस हा शब्द आता दवाखान्यांत सर्रास ऐकू येतो. पण घरी आलेला माणूस विचारतो तेव्हा आपण म्हणतो, ‘इन्फेक्शन रक्तात गेलं’, ‘अंगात विष पसरलं’. दोन्ही बोलण्यांत थोडं तथ्य आहे, पण मुख्य गोष्ट त्यांतून निसटते. समजा, पेणच्या मिठागरात काम करणाऱ्या एखाद्याच्या पायाला शिंपला कापला. दुसऱ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. हा दाह. तो त्रासदायक असला तरी आपला राखणदार आहे. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात, आणि आजूबाजूला बारीक गुठळ्या होऊन जंतूंची वाट अडते. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

कधीकधी मात्र हीच धावपळ एका जखमेपुरती न राहता सगळ्या अंगात सुरू होते. मग सगळ्याच रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तातलं पाणी बाहेर पाझरतं. रक्तदाब कोसळतो. बारीक गुठळ्या मूत्रपिंडात, फुप्फुसात, मेंदूकडे जाणाऱ्या वाटांत अडकतात. लघवी कमी होते, धाप लागते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. 2016 साली जगभरच्या तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या ठरवली तेव्हा हाच मुद्दा मध्यभागी ठेवला: जंतुसंसर्गाला शरीराने दिलेलं बेताल उत्तर, आणि त्या उत्तरामुळे अवयवांचं बिघडणारं काम. 2017 सालचा जागतिक अंदाज असा, की त्या एका वर्षात 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख दगावले. जगातल्या दर पाच मृत्यूंमागे एक.

शरीराचंच उत्तर शरीरावर उलटतं, ही कल्पना रायगडच्या वाचकाला परकी वाटू नये. 1976 साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं, त्यांत पुष्कळ मुलं, घामाने चिंब होऊन, गार हातपायांनी यायची आणि तोंडाला फेस येऊन जायची. हे मृत्यू नेमके कशाने होतात याची नीट नोंद नव्हती. डॉ. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यांच्या ध्यानात आलं, की विंचवाच्या विषामुळे शरीर स्वतःचीच रसायनं बेसुमार ओततं, त्यांनी रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. 1986 साली ‘द लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. पुढे महाडमध्येच त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस, या दोन उपचारांची रीतसर तुलना केली, ती 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. विंचूदंश म्हणजे सेप्सिस नव्हे, तिथे जंतू नसतात. तरी वादळ शरीराच्या आतूनच उठतं, ते ओळखणारी नजर वेळेवर हजर असेल तर माणूस वाचतो, आणि ती नजर आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारीही तयार होते, हा धडा त्या कामात आहे.

सेप्सिसवर असा एका गोळीचा उपाय शोधायला जगाने शंभर वर्षं घालवली. रिखार्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने 1890च्या दशकात दाखवलं, की काही जंतू मेले तरी त्यांच्या अंगातलं विष घातक ठरतं. ‘एंडोटॉक्सिन’ हे नाव त्याचं. हाच फायफर 1897 साली प्लेगच्या अभ्यासासाठी जर्मन पथकाबरोबर मुंबईत आला होता. शरीर हे विष ओळखतं कसं, ते कळायला पुढचं शतक जवळजवळ संपलं. ब्रूस ब्यूटलर आणि ज्यूल हॉफमन यांना त्या शोधासाठी 2011चं नोबेल मिळालं. पेशींच्या अंगावर जणू पहारेकरी बसवलेले असतात. जंतूचा तुकडा दिसला की ते आरोळी ठोकतात, आणि त्या आरोळीतून दाह पेटवणारी रसायनं सुटतात.

मग ती आरोळीच दाबली तर? कल्पना सरळ होती. 1990च्या दशकात दाहाची रसायनं निकामी करणारी औषधं एकामागून एक रुग्णांवर तपासली गेली. प्रयोगशाळेतला उंदीर वाचायचा, पण अतिदक्षता विभागातला माणूस वाचेना. 2001 साली ‘झिग्रिस’ नावाचं महागडं इंजेक्शन अमेरिकेत मान्य झालं, खूप गाजलं, आणि 2011 साली कंपनीने स्वतःच ते जगभरातून मागे घेतलं, कारण नव्या चाचणीत त्याने मृत्यू कमी होत नव्हते. उंदराला जंतू केव्हा टोचला ते संशोधकाला मिनिटागणिक माहीत असतं. रोह्याचा शेतकरी तापाच्या चौथ्या दिवशी येतो, त्याला मधुमेह असतो, आणि त्याच्या अंगातलं वादळ कधी चढतं, कधी इतकं ओसरतं की पेशी लढायलाच नकार देतात. एकाच औषधाने त्या दोन्ही अवस्था कशा सांभाळाव्यात?

या प्रश्नाशी मुंबईतही झुंज दिली गेली. केईएम रुग्णालयात अनेक वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेले डॉ. दिलीप कर्नाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युलिनास्टॅटिन या औषधाची चाचणी भारतातल्या रुग्णालयांत केली. माणसाच्या लघवीतून काढलेलं हे प्रथिन दाहात सुटणाऱ्या काही पाचक द्रव्यांना आवर घालतं. चाचणीत 122 रुग्ण होते, निष्कर्ष 2014 साली छापले गेले. ज्यांना औषधाचे पुरेसे डोस मिळाले त्यांच्यापैकी 28 दिवसांत 7.3 टक्के दगावले, औषध न मिळालेल्यांत 20.3 टक्के. आकडा दिलासा देणारा आहे. पण चाचणीत घेतलेल्या सगळ्याच रुग्णांची मोजदाद केली तेव्हा फरक इतका ठाम उरला नाही, आणि संशोधकांनी तेही तिथेच लिहून ठेवलं. मोठ्या चाचणीशिवाय शेवटचा शब्द बोलता येणार नाही. मला या कामाबद्दल आदर आहे तो या सचोटीमुळेही.

करोनाच्या साथीत, जून 2020मध्ये, डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटल्याचं ब्रिटनमधल्या चाचणीने दाखवलं. दाह आवरून जीव वाचतो, याचा तो पुरावा. पण ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना त्याच औषधाचा फायदा झाला नाही. वेळ चुकली की औषधही चुकतं. आपल्याकडे तापाच्या पहिल्याच दिवशी स्टिरॉइड देणारे आहेत आणि मागून घेणारेही आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तसंच सलाईनचं. ‘डॉक्टर, बाटली लावा’ हा आपला हट्ट. सेप्सिसमध्ये शिरेतून पाणी द्यावं लागतं हे खरं, पण युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 आजारी मुलांवरच्या अभ्यासात, जो 2011 साली प्रसिद्ध झाला, भराभर पाणी चढवलेल्या मुलांत मृत्यू जास्त झाले. किती, किती वेळात, कुणाला, हे मोजणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं.

मग खात्रीने उपयोगी पडतं काय? योग्य अँटिबायोटिक आणि तेही लवकर. कॅनडातल्या डॉ. आनंद कुमार यांच्या गटाने 2006 साली दाखवलं, की रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत अँटिबायोटिकला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे वाचण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी उतरत होती. औषध आपल्याकडे आहे. पिंपरीत सरकारी कारखान्यात 1950च्या दशकातच पेनिसिलिन बनू लागलं. प्रश्न औषध आणि रुग्ण यांच्यामधल्या अंतराचा आहे. ते अंतर कसं तोडायचं, याचं आजवरचं सगळ्यात ठसठशीत उत्तर गडचिरोलीतून आलं. या पुस्तकाचा कणा तेच काम आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1980च्या दशकात गडचिरोलीत गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. आधी त्यांनी मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. अक्षरओळख नसलेल्या सुईणीने श्वास कसे मोजायचे? त्यांनी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. असं ज्ञान माणसाच्या हातात बसतं, कारण ते त्याच्या हाताच्या मापाने घडवलेलं असतं.

मग ते नवजात बाळांकडे वळले. 1995-96 या वर्षात 39 गावांतल्या 763 बाळांची त्यांनी घरोघर जाऊन नोंद ठेवली. त्यांतली 40 बाळं महिन्याच्या आत गेली. 40 पैकी 21 मृत्यूंचं मुख्य कारण सेप्सिस किंवा न्यूमोनिया निघालं. सटवाईने लिहून ठेवलं होतं असं जे म्हटलं जायचं, त्यातलं निम्म्याहून जास्त जंतूंनी लिहिलेलं होतं. आणि आई-बाप बाळाला घेऊन रुग्णालयात जात नव्हते. बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही, रस्ता नाही, पैसे नाहीत, आणि मुळात ‘एवढंसं बाळ वाचतं का?’ ही हतबलता.

म्हणून त्यांनी गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणत. जेमतेम शाळा शिकलेल्या या बायका बाळ जन्मताना हजर राहायच्या, महिनाभर घरी फेऱ्या मारायच्या. सेप्सिस ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे होती आईला दिसणाऱ्या खुणांची यादी. आधी नीट रडणारं बाळ बारीक रडू लागलं किंवा रडायचं थांबलं. आधी नीट ओढणारं बाळ अंगावर पिईना. हातपाय लुळे पडले. बाळ गुंगीत गेलं. अंग गार लागतंय किंवा तापलंय. बेंबीतून किंवा कातडीतून पू येतोय. छाती आत ओढली जातेय, कण्हल्यासारखा आवाज येतोय. अशा खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या तर सेप्सिस समजायचा. आधी रुग्णालयात चला म्हणून सांगायचं. घरचे नाहीच म्हणाले, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्सॅझोलचं तोंडी औषध सुरू करायचं.

खेड्यातल्या बाईच्या हातात इंजेक्शन, तेही चार दिवसांच्या बाळासाठी! यावर आक्षेप आले, ते येणं साहजिकही होतं. उत्तर आकड्यांनी दिलं. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी 16.6 टक्के दगावत, उपचार सुरू झाल्यावर 2.8 टक्के. तिसऱ्या वर्षाअखेर, या सोयीविना राहिलेल्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. डिसेंबर 1999मध्ये ‘द लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. 2011 साली भारत सरकारने घरोघरच्या नवजात बाळांच्या देखभालीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आज पेणच्या किंवा रोह्याच्या गावात आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ बघायला येते, आणि बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही, ती या कामातूनच निघालेली वाट आहे. माझं मत स्पष्ट आहे: सेप्सिसवर आजवर जे जे शोधलं गेलं, त्यात इतक्या कमी खर्चात इतके जीव वाचवणारं दुसरं काही मला दिसत नाही.

रोह्याजवळच्या एका कातकरी वाडीवर एका आशाताईंबरोबर मी गेलो होतो. बाळ सात दिवसांचं. ताईंनी आधी साबणाने हात धुतले, वाऱ्यावर वाळवले, काखेत थर्मामीटर धरला. मग बाळाचं दुपटं छातीवरून बाजूला केलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजू लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाळाचा श्वास घड्याळासारखा चालत नाही. चार-पाच भरभर, मग क्षणभर थांबतो, मग पुन्हा. म्हणून पूर्ण मिनिट मोजावं लागतं, अर्धं मोजून दुप्पट करून चालत नाही. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या, थोरला मुलगा ताईंची पिशवी ओढत होता. त्यांनी मान वर केली नाही. बावन्न. साठच्या आत. मग तळपायाला हाताची मागची बाजू लावून पाहिली आणि आईला एकच विचारलं, ‘कालच्यासारखं ओढतंय ना?’ आईने हसून मान हलवली. बाळ छान होतं. एक मिनिट किती लांब असतं ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्या भागाची स्वतःची काही दुखणी आहेत आणि पुढच्या प्रकरणांत ती आली आहेत. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघून जातात, आणि बाळाचं नाव गावच्या यादीत राहतं पण बाळ तिथे नसतं. त्या बाळाची फेरी कुणी मारायची? ज्या गावात भट्टी आहे तिथल्या आशाताईने, हे पुस्तकात ठसवून लिहिलं आहे. आषाढात भातलावणीला चिखलात तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या मुतातून जंतू चिखलात येतो आणि पायाच्या भेगांतून शिरतो. ताप, पोटऱ्यांत जीवघेणं दुखणं, लाल डोळे. या टप्प्यावर साध्या अँटिबायोटिकने काम होतं. डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली, धाप लागली, की तोच आजार सेप्सिसच्या वाटेला लागलेला असतो. पेणच्या खारपट्टीत आणि कुंडलिकेच्या काठच्या शेतांत राबणाऱ्या प्रत्येक घराने एवढ्या खुणा पाठ कराव्यात.

पुस्तकाने एक गोष्ट टाळली आहे आणि ते बरं केलं आहे. कुठलं अँटिबायोटिक स्वतःच घ्यावं याची यादी त्यात नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत 13 हजारांवर नवजात बाळांचा जो अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात सेप्सिसचे पुष्कळ जंतू एकाहून अधिक औषधांना दाद देत नव्हते. मनाने घेतलेली आणि अर्ध्यात सोडलेली प्रत्येक गोळी हे जंतू पोसते. उलट, आधीच रोखण्याची वाट आशादायक आहे. ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेल्या आणि 2017 साली छापलेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या दिवसांत उपकारक जीवाणू आणि त्यांना पोसणारी साखर यांचं मिश्रण दिलेल्या बाळांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. अशा वाटा आणखी निघतील. तोवर हात धुणं, बेंबीला शेण, राख, तेल काहीही न लावणं, बाळ उबेत ठेवणं आणि पहिल्या तासात अंगावर पाजणं, हे आपल्या हातात आहे.

वाचकांकडे शेवटी एवढंच मागणं आहे. पाचवीची पूजा मांडायची असेल तर खुशाल मांडा, रात्रही जागवा. पण दिव्याच्या उजेडात बाळाकडे नीट बघा. बाळ ओढत नसेल, त्याचं रडणं बारीक झालं असेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त असेल, छाती आत जात असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आशाताईला उठवा. 102 किंवा 108ला फोन करा, गाडीला पैसे पडत नाहीत. डॉक्टरांसमोर पोचलात की पहिलं वाक्य हे बोला: ‘हा सेप्सिस तर नाही ना?’ बाळाने शेवटचं नीट दूध कधी ओढलं, ती वेळ कागदावर लिहून न्या. कोरा कागद आणि लेखणी त्या रात्री घरात असतेच.